विकलेला प्रिंटर परस्पर बदलल्याबद्दल तक्रार

दिनांक : ७ जुलै २०२५
लालबाग, मुंबई

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
प्रिंटर विभाग

विषय : न विचारता केलेल्या अपडेटनंतर लेझर प्रिंटरने रिफिल केलेलं टोनर नाकारणे व स्कॅनिंगही बंद पडणे.

संदर्भ : फेब्रुवारी २०२४ चं खरेदी बिल, हेल्पलाइनवर नोंदवलेल्या चार तक्रारी (क्रमांक सोबत).

महोदय / महोदया,

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. आठ बाय दहाचा गाळा, एक कॉम्प्युटर, एक लॅमिनेशनचं मशीन आणि तुमचा प्रिंटर. नोकर नाही. टायपिंग मी करते, फॉर्म मी भरते, कागद मी लावते. प्रिंटर घेतला तेव्हा साडेअठरा हजार रुपये रोख मोजले. हप्ते केले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण तो माझा आहे की तुमचा, असा प्रश्न मला गेल्या गुरुवारपासून पडला आहे.

गुरुवारी, ३ जुलैला, सकाळी साडेनऊला शटर वर करून प्रिंटर चालू केला. नेहमीपेक्षा जास्त वेळ गुरगुरला, आपणहून एकदा बंद झाला, परत सुरू झाला आणि त्या चार बोटांच्या पडद्यावर इंग्रजीत ओळ आली : कार्ट्रिज अस्सल नाही, अस्सल बसवा. आदल्या रात्री त्याच कार्ट्रिजवर मी एका मंडळाच्या वर्गणीची पत्रकं काढली होती, स्वच्छ, काळीभोर. रात्रीतून ते नकली कसं झालं?

मग आठवलं. जूनभर तो पडदा मला अपडेट करायला सांगत होता. 'सुरक्षेसाठी' म्हणे. दोनच बटणं : आत्ता आणि नंतर. 'नको' असं बटणच नाही. मी रोज 'नंतर' दाबत गेले, कारण चालत्या गाडीला खीळ घालायची नाही एवढं मला कळतं. मग एके दिवशी त्याने विचारायचंच सोडलं. मला वाटलं, कंटाळला असेल. तो कंटाळला नव्हता, हे गुरुवारी कळलं.

दिवस कोणते होते तेही ऐका. अकरावीच्या प्रवेशाची गडबड, बाहेर धो धो पाऊस, आणि काउंटरवर ओल्या छत्र्या घेऊन उभी असलेली पोरं. साधारण तीनच्या सुमारास एक बाई मुलीला घेऊन आल्या. चार घरी पोळ्या करतात, मधल्या वेळेत धावत आल्या होत्या. मुलीच्या हातात प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली फाइल. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या एका पीडीएफची प्रिंट. कॉलेजचं ऑफिस चारला बंद. मी कार्ट्रिज काढलं, हलवलं, कार्ट्रिजची ओळख प्रिंटरला सांगणारी त्यावरची चिप कापडाने पुसली, परत बसवलं. तीच ओळ. वीज बंद-चालू केली. तीच ओळ. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. शेवटी म्हटलं, निदान कागद स्कॅन करून पेनड्राइव्हवर देते, समोरच्या दुकानात झटपट निघेल. तर स्कॅनही होईना! आधी कार्ट्रिज बदला म्हणे.

स्कॅनला टोनर लागत नाही. काच, दिवा आणि सेन्सर लागतो. हे मी तुम्हाला सांगायचं?

मायलेकी समोरच्या दुकानात गेल्या. तिथे रांग होती. त्यांचं काम चारच्या आत झालं की नाही, मला कळलं नाही. त्या परत आल्या नाहीत, आणि त्यांनी का यावं?

आता तुमच्या हेल्पलाइनबद्दल. चार दिवसांत चार फोन. भाषा निवडायला मराठीचा पर्याय नाही. पहिल्याने सांगितलं, चिप खराब आहे. दुसऱ्याने सांगितलं, बाहेरच्या चिपमधून व्हायरस येऊ शकतो म्हणून सुरक्षेसाठी हे केलंय. इतके दिवस तो व्हायरस कुठे दबा धरून बसला होता, असं विचारलं तर त्याने मला होल्डवर ठेवलं आणि सनई ऐकवली. तिसरीने मोबाइलवर तुमचं ॲप टाकायला लावलं. ॲपला ईमेल हवा, खातं हवं, लोकेशन हवं. वायफायवरचा प्रिंटर शोधायला लोकेशन लागतं म्हणे. भाच्याला विचारलं, तो म्हणाला, अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत ते खरंच तसं आहे. ठीक, तेवढं मी मान्य करते. पण माझा प्रिंटर युएसबीच्या वायरने जोडलेला आहे, वायर तीन फुटांची आहे. तो कुठे आहे ते मला दिसतं. वायफाय मी फक्त तुमच्या माणसाने प्रिंटर बसवताना जोडायला लावलं म्हणून जोडलं, आणि त्याच वाटेने हे अपडेट आत शिरलं.

चौथ्याने तर हद्द केली. "मॅडम, रिफिल वापरणं हा तुमचा निर्णय होता."

होता ना. तो निर्णय मी कसा घेतला, ते हिशोबासकट सांगते. पहिल्या वर्षी मी तुमचंच टोनर आणलं होतं, ३,८५० रुपयांचं. खोक्यावर लिहिलं होतं २,५०० पानं. प्रिंटरचा काउंटर बघून मी वहीत टिपण ठेवते; १,९०० च्या पुढे अक्षरं फिकी पडायला लागली. खोक्यावर बारीक अक्षरांत आयएसओ १९७५२ असं काही लिहिलेलं असतं. भाच्याने शोधून सांगितलं की ठरावीक चाचणी-पान सतत छापून हा आकडा काढतात. माझ्याकडे ते ठरावीक पान घेऊन कोणी येत नाही. माझ्याकडे येतात काळ्या शिक्क्यांचे दाखले, फोटो असलेली ओळखपत्रं, आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा असलेली मराठी. तेव्हा नुसत्या टोनरचे पानाला दोन रुपये झाले. झेरॉक्स मी दोन रुपयांना देते. कागद, वीज आणि भाडं कुठून भरायचं?

म्हणून टोनरवाला दादा. लॅमिंग्टन रोडवर त्याचं टेबल आहे, पण आमच्या भागात दर गुरुवारी स्कूटरवर फिरतो. माझ्या पायरीवर पेपर पसरतो, कार्ट्रिजचं बूच काढतो, जुनी उरलेली पूड पिशवीत झटकतो, ब्रशने कडा साफ करतो, नरसाळ्याने नवी पूड भरतो, ड्रमवर, म्हणजे ज्यावरून अक्षर कागदावर उतरतं त्या नळकांड्यावर, ओरखडा आहे का ते उजेडात धरून बघतो आणि शेवटी नखाएवढी चिप बदलतो. पंधरा मिनिटं, साडेचारशे रुपये. त्यात दीड हजाराच्या आसपास पानं निघतात, म्हणजे पानाला तीस पैसे. टोनर म्हणजे मुळात बारीक दळलेलं प्लॅस्टिक आणि काजळी. ड्रम खराब झाला तर मी सोसेन, तुमच्याकडे वॉरंटी मागायला येणार नाही. ती तशीही फेब्रुवारीत संपली.

तुम्ही म्हणाल, आधीच कळवलं होतं. मलाही शंका आली, म्हणून शनिवारी दुकान बंद केल्यावर पोटमाळ्यावरून प्रिंटरचं खोकं काढलं. वर्षभराची धूळ, त्यात पावसाची ओल. चारही बाजू चष्मा लावून वाचल्या. एका बाजूला खाली एक ओळ सापडली : कंपनी अस्सल टोनर वापरण्याची शिफारस करते. शिफारस! डॉक्टर रोज चालायची शिफारस करतात, नाही चाललं तर घरी येऊन पाय बांधून ठेवत नाहीत. दुसरं टोनर घातलं तर मशीन बंद करू, स्कॅनरसकट, असं खोक्यावर छापलं असतं तर मी साडेअठरा हजार दिलेच नसते, शाईच्या टाकीवाला घेतला असता. तुमचं टोनर महाग आहे ही माझी तक्रार नाही. किंमत तुम्ही ठरवा, घ्यायचं की नाही ते मी ठरवीन. तक्रार ही आहे की सौदा फेब्रुवारी २०२४ ला झाला आणि त्याच्या अटी तुम्ही जुलै २०२५ ला, माझं दुकान बंद असताना, बदलल्या.

भाचा कॉम्प्युटरमधला आहे. त्याने रविवारी दुकानात बसून कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स टाकून पाहिलं. तुमच्या ॲपशिवाय, खात्याशिवाय त्याला प्रिंटर लगेच दिसला. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही चालतो, म्हणून मी ते ठेवलंय. पण कुलूप कॉम्प्युटरला नाही, प्रिंटरच्या पोटातल्या फर्मवेअरला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरला आहे, त्यामुळे छपाई काही झाली नाही. जुनं फर्मवेअर परत टाकायला गेला तर ते मशीनने घेतलं नाही. हात पुसत म्हणाला, "मावशी, हे भांडण जुनं आहे." १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसाला झेरॉक्स कंपनीच्या लेझर प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढी सुधारणा करायची होती. त्याला सोर्स कोड, म्हणजे ज्यात बदल करता येतो तो सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, दिला नाही. १९८३ मध्ये त्याने सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर लिहायची घोषणा केली, त्यामागे हा राग होता म्हणे. माझ्या पाटीवरही झेरॉक्सच लिहिलंय, मशीन कोणाचंही असो. मी काही चळवळ काढणार नाही. मला दुकान चालवायचं आहे.

तुमच्या चौथ्या माणसाने आणखी एक गोष्ट ऐकवली : दुकानात वापरता, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, व्यावसायिक आहात. त्याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली 'ग्राहक'ची व्याख्या स्पष्टीकरणासकट वाचायला द्या. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारा माणूस त्यात ग्राहकच धरला आहे. आमच्या चाळीत ग्राहक पंचायतीचा, म्हणजे घरांनी मिळून एकत्र सामान मागवायचा, संघ होता. आई महिन्याच्या सामानाची यादी त्यात भरायची आणि डाळीचं वजन घरी परत करून बघायची. कायद्याचं मला त्या मानाने उशिरा कळलं, पण बिल जपून ठेवायची सवय तिथली आहे.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न्स'बद्दल, म्हणजे पडद्यावरच्या ग्राहकाला अडकवणाऱ्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात असे तेरा प्रकार दिले आहेत. पुन्हा पुन्हा तेच विचारून भंडावून सोडणं त्यात आहे, आणि एखादी गोष्ट घ्यायला लावण्यासाठी जबरदस्ती करणं हेही आहे. तुमचं 'आत्ता' आणि 'नंतर' त्यात कुठे बसतं, ते तुमच्या कायदा विभागाने बघावं. मला तरी वाचताना माझ्याच दुकानातली गोष्ट वाचल्यासारखं वाटलं.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. प्रिंटर २ जुलैच्या रात्री जसा होता तसा करून द्या, जुनं फर्मवेअर टाकून किंवा हे कुलूप काढून, आणि त्यासाठी तुमचा माणूस दुकानात पाठवा. अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला मी हे धूड भर पावसात टॅक्सीत घालून नेणार नाही. स्कॅनिंगचा टोनरशी संबंध तोडा. अपडेटला 'नको' असं तिसरं बटण द्या, आणि ते दाबलं की त्याचा मान ठेवा. ३ जुलैपासून माझी छपाई बंद आहे. या दिवसांत दिवसाला सहा-सातशे रुपये त्यातून येतात, त्याची भरपाई द्या. काउंटरच्या वहीची पानं जोडली आहेत. उत्तर लेखी द्या, मराठीत दिलंत तर बरं. फोन करू नका, सनई ऐकून झाली आहे.

पंधरा दिवस वाट बघेन. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, आणि अर्ज टाइप करायला मला दुसऱ्या कोणाकडे जावं लागत नाही.

आपली,
प्रिंटरची मालकीण

सोबत : खरेदी बिलाची प्रत, पडद्यावरच्या संदेशाचा फोटो, खोक्यावरच्या ओळीचा फोटो, चार तक्रारींचे क्रमांक, काउंटरच्या वहीची तीन पानं.

ता. क. : हे पत्र समोरच्या दुकानातून छापून घेतलं. दोन कागद, पाठपोट. बारा रुपये झाले होते, धंद्यातल्या म्हणून त्यांनी दहाच घेतले.