मंत्रिमहोदय, सूची जगभरच्या विषाणूंची करा, पण आमच्या दोन नळ्या कुठे गेल्या?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

माहिती अधिकाराखाली मी तीन वेळा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या मंगळवारी टपालाने आले. ते दीड ओळीचे आहे: 'सदर नमुना जतनाची मुदत संपल्याने नष्ट करण्यात आला आहे.' हा सदर नमुना म्हणजे माझ्या सात वर्षांच्या नातीच्या मणक्यातून काढलेले, दोन नळ्यांत भरलेले पाणी होते.

जुलै २०२४ मध्ये डभोईजवळच्या तिच्या गावी पहाटे तिला ताप भरला, दहाच्या सुमारास उलट्या झाल्या, दुपारी आकडी आली आणि दिवेलागणीला ती बडोद्यात अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडली होती. त्या पावसाळ्यात आपल्याकडे चांदीपुराची, म्हणजे मुख्यतः वालुमाशीमुळे पसरून मुलांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या विषाणूची, साथ होती, म्हणून प्रथम त्याचीच तपासणी झाली. ती नकारात्मक आली. जपानी मेंदूज्वर नाही, डेंग्यू नाही. अखेर 'कारण अज्ञात' असा शेरा मारून तिला घरी सोडण्यात आले. आज ती चालते, बोलते. पण उजव्या हातात पेन्सिल धरली की अक्षर संपण्याआधी ती गळून पडते, आणि मग ती माझ्याकडे न पाहता डाव्या हाताने उचलून घेते.

देशभरात जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले, आणि त्यांत सर्वाधिक गुजरातचे होते. चांदीपुरा सिद्ध झाला तो ६४ जणांत. उरले १८१. त्या सर्वांचे निदान राहूनच गेले असे मी म्हणत नाही, कारण तेवढी माहिती मला कोणी देत नाही. पण त्यांतली एक माझ्या घरी आहे, हे मी शपथेवर सांगू शकते.

महोदय, मी एकतीस वर्षे ग्रंथालयात सूचीकार होते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ज्या संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था बसवली, त्या गावच्या माणसाला सूचीचे महत्त्व समजवावे लागत नाही. त्यामुळे प्राण्यांतील अज्ञात विषाणूंची सूची करण्याची कल्पना मी वाचली तेव्हा मला ती वेडेपणाची वाटली नाही. सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्यात अजून न सापडलेले सुमारे १६ लाख ७० हजार विषाणू असावेत आणि त्यांतले सहा ते आठ लाख माणसाला बाधू शकतील, असा २०१८ साली मांडलेला अंदाज आहे. त्याआधी अमेरिकेच्या पैशांवर २००९ पासून दहा वर्षे चाललेल्या 'प्रेडिक्ट' प्रकल्पात साडेनऊशेच्या आसपास नवे विषाणू सापडले. त्या वेगाने ही सूची पुरी व्हायला साडेसतरा हजार वर्षे लागतील. (हिशोब पाकिटाच्या मागे केला आहे, चुकला असल्यास आपल्या खात्याने दुरुस्त करावा. निदान त्या निमित्ताने तरी एखादे उत्तर येईल.)

होम्स, रॅम्बो आणि अँडरसन या शास्त्रज्ञांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता की जंगलातले विषाणू मोजत बसण्यापेक्षा माणसांत काय येते यावर पैसा खर्च करावा. मला त्यांचे अर्धे पटते. नाव असल्याने काय साधते ते २०१८ च्या मे महिन्यात कोळिकोडला दिसले: निपा विषाणू मलेशियातल्या साथीपासून ठाऊक होता, त्याची तपासणी उपलब्ध होती, म्हणून डॉक्टरांना शंका येताच निदान झाले आणि साथ आटोक्यात आली. नुसत्या नावाने काय साधत नाही तेही आम्हाला ठाऊक आहे. चांदीपुरा १९६५ साली नागपूरजवळच्या गावात सापडला, २००४ साली बडोद्याच्या परिसरातली मुले त्याने नेली, आणि आजही त्यावर ना लस आहे ना औषध. आमच्याकडे सूचीतले कार्ड आहे, महोदय, पुस्तक मात्र कोणी उघडलेले नाही.

नातीच्या गावी पथक आले होते. त्यांनी भिंतींच्या भेगांत पावडर मारली, फोटो काढला आणि ते गेले. वालुमाशी एकही पकडली नाही. दाराशी बांधलेल्या शेळ्यांचे रक्त घेतले नाही, कारण शेळ्या पशुपालन खात्याच्या. मागच्या चिंचेवर वाघळे लटकलेली, ती वनखात्याची. माशी मलेरिया विभागाची, मूल आपले. विषाणूला या खात्यांच्या हद्दी कोणी कळवल्या नसाव्यात. माणूस, प्राणी आणि परिसर यांचे आरोग्य एकत्रच पाहायचे, याला सरकारी कागदांत 'एक आरोग्य' म्हणतात आणि त्यासाठी नागपुरात संस्थेची पायाभरणीही २०२२ साली झाली. त्या दगडाला माझा नमस्कार. पण डभोईच्या शेळ्यांपर्यंत तो कधी पोहोचेल?

जिल्ह्याच्या एका अधिकाऱ्याने मला समोर बसवून सांगितले होते, 'आजी, नमुना पुण्याच्या विषाणू संस्थेला पाठवतो, पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग करून घेतो.' म्हणजे नमुन्यातल्या विषाणूची जनुकीय रचना वाचून तो ओळखायचा. मी त्या शब्दावर चौदा महिने जगले. अकरा फेऱ्या मारल्या, दर वेळी निराळा टेबल, निराळी सही. आता कळते की नळ्या कपाटातून हलल्याच नव्हत्या. ग्रंथालयात वाळवी लागलेले पुस्तक बाद करायचे तरी दाखल क्रमांक लिहून, कारण नमूद करून, सही घ्यावी लागे. अडीच रुपयांच्या चोपडीसाठीही मी ते केले आहे. अज्ञात विषाणू शोधायला आपण गुहांत माणसे पाठवाल, आणि तोच कदाचित लेबल लावलेल्या नळीत आपल्या हाती असताना कचऱ्यात टाकाल?

माझी मागणी एवढीच आहे: निदान न झालेल्या प्रत्येक मेंदूज्वराचा नमुना जपावा, आणि तशा घराभोवतालचे प्राणी व माश्या त्याच आठवड्यात तपासाव्यात. आणि नष्ट केलेल्या नमुन्यांची नोंदवही असल्यास तिच्या त्या पानाची प्रत मला द्यावी. नळ्यांवरचे दोन्ही क्रमांक माझ्याकडे लिहून ठेवलेले आहेत.

आपली,
एक निवृत्त सूचीकार
दांडिया बाजार, बडोदे