‘छाया : सोशल मीडिया’ हा गृहस्थ कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेनंतर तिसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर एक चार कॉलमी रंगीत फोटो होता. भंडाऱ्यानं नखशिखांत माखलेला पाच-सहा वर्षांचा पोरगा, डोळे घट्ट मिटलेले, आणि त्याच्या कानातला भंडारा धोतराच्या सोग्यानं टिपणारा म्हातारा. वर मथळा, ‘भंडाऱ्यात न्हाला चिमुकला’. खाली मुंगीच्या टायपात ‘छाया : सोशल मीडिया’. मी १९७८ ते २०१९ असा ४१ वर्षं इचलकरंजीत फोटो स्टुडिओ चालवला. एवढ्या काळात या नावाचा फोटोग्राफर मला कधी भेटला नाही.

फोटो कुणी काढलाय ते मला ठाऊक आहे. आमच्याच गल्लीतली मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवतात, रात्रपाळी. दोन लग्नसराया तिनं एका ऑर्डरवाल्याच्या हाताखाली सेकंड शूटर म्हणून काढल्या आणि त्या पैशातून जुना कॅमेरा घेतला. बरोबर एक किट लेन्स, एक पन्नास एमएम. आमच्या वेळी जोडीदार सायकल घ्यायला असे पैसे साठवायचे.

भंडाऱ्यात कॅमेरा न्यायचा म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. हळदीची पूड फोकसच्या कड्यात एकदा शिरली की कडं करकर वाजायला लागतं आणि दुरुस्तीवाला कपाळाला हात लावतो. ही पोरगी आदल्या रात्री माझ्याकडं आली होती. साडीच्या दुकानातली पारदर्शक पिशवी, दोन रबर बँड, पुढं लेन्सपुरतं भोक. मी तिला माझा जुना ब्लोअर दिला आणि बजावलं, काहीही झालं तरी तिथं लेन्स बदलायची नाही. “काका, एवढं कळतं मला,” म्हणाली. कळत होतंच म्हणा.

यात्रेच्या मुख्य दिवशी मीही गेलो होतो, गुडघे दुखत असतानाही. ‘चांगभलं’चा गजर, ढोल-कैताळ, मानकरी फरांडेबाबांचं हेडाम म्हणजे तलवार घेऊन केलेला नाच, भाकणूक म्हणजे पुढच्या वर्षाचं भाकीत, आणि मग भंडारा, खारीक-खोबरं, लोकर यांची उधळण. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं कमी आणि कॅमेरे जास्त. पुण्या-मुंबईची, बेळगावकडची पोरं. त्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माझ्या शेजारचा एक जण खाली वाकून ओरडत होता, “मामा, परत एकदा उधळा! इकडं बघून!” आणि मामांनी बिचाऱ्यांनी परत उधळला. देवाला वाहिलेला भंडारा रिटेक देऊन उधळायचा? हे मला पटलं नाही, आणि त्या पोराला मी ते तोंडावर सांगितलंही. त्यानं हेडफोन कानात घातला. रात्री मोबाइलवर बघितलं तर त्या गच्चीवरचे निम्मे फोटो सारखेच. वरून घेतलेला पिवळा ढग, खाली फेटे. रंगही इतका चढवलेला की हळद न वाटता लिंबाचं सरबत वाटावं.

आमची पोरगी गच्चीवर गेलीच नाही. गर्दी पांगायला लागली तेव्हा ती देवळाच्या मागच्या अंगाला गेली. तिथं हा म्हातारा नातवाला घेऊन उकिडवा बसला होता. पोराच्या डोळ्यात भंडारा गेलेला, रडून रडून दमलेलं. तिनं पहिले दोन-तीन फोटो काढले तर म्हातारा ताठ होऊन कॅमेऱ्याकडं बघायला लागला, आपण पासपोर्ट फोटोला बसतो तसा. तिनं कॅमेरा मांडीवर ठेवला, शेजारी बसली, चिरमुऱ्यांची पुडी सोडली. पाव तास गप्पा झाल्या. कुठलं गाव, मेंढरं किती, पोराचा बाप कुठं. मग म्हातारा तिला विसरला आणि नातवाच्या कानाकडं वळला. सगळे मिळून अकरा फोटो आहेत. नववा म्हणजे तो.

संपादक महाशय, तो नववा फोटो मी तिच्या कॅमेऱ्यात बघितलाय, आणि आपल्या पानावर आला तोही बघितला. ते दोन वेगळे फोटो आहेत. मूळ फोटोत पोराच्या पिवळ्या तोंडावर डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन बारीक सावळ्या रेघा आहेत, पाणी वाहून गेलेल्या. आपल्याकडं रंग चढवताना त्या बुजल्या. आणि उजवीकडचा भाग कापला गेला. त्या भागात म्हाताऱ्याचा दुसरा हात होता. त्या हातात पोराची चप्पल होती. एकच. दुसरी गर्दीत गेली असणार. उरलेली म्हाताऱ्यानं मुठीत धरून ठेवली होती, जणू तीही कुणी हिसकावून नेईल. ती चप्पल गेली आणि ‘चिमुकला’ तेवढा राहिला. ज्या उजव्या कोपऱ्यात तिनं बारीक अक्षरात आपलं नाव टाकलं होतं, तोच कोपरा कापला गेला, हा योगायोग समजतो.

फोटो तिनं त्याच रात्री इन्स्टाग्रामवर टाकला. सकाळी तो भाविकांच्या एका ग्रुपवर, दुपारी ‘शुभ दुपार’ लिहून माझ्या मेव्हण्याकडून मलाच आला. मग आपल्या पहिल्या पानावर. आणि दिवाळीच्या तोंडावर तो आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर झळकला, शेजारी हात जोडलेले भावी नगरसेवक. म्हातारा नगरसेवकाच्या खांद्याआड अर्धा झाकलेला. पोरगी क्लासला जाताना रोज त्याखालून सायकल घेऊन जायची.

तिनं तक्रार केली नाही. मला म्हणाली, “काका, पेपरात तरी आला.” हे वाक्य मला झोंबलं, म्हणून हे पत्र.

पण पत्र लिहायला बसवलं ते त्या म्हाताऱ्यानं. दिवाळीनंतर एक दिवस तो आमच्या दुकानात उभा. दुकान म्हणजे आता मुलगा झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्मचं बघतो; २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आत आलं, निगेटिव्हच्या पेट्या गेल्या आणि मी हात टेकले. बोर्ड मात्र जुनाच आहे, ‘फोटो’ हे अक्षर स्टँडवरनं दिसतं. म्हाताऱ्यानं खिशातनं आपल्या पेपराचं कात्रण काढलं, घामानं मऊ झालेलं. “ह्यो फोटू तुमीच काढलासा व्हय? ह्यो माजा नातू हाय. ह्येचा मोठा करून पायजे.” चार ठिकाणी विचारून आला होता. पेपर टाकणाऱ्या पोरापासून ते पेपराच्या एजंटापर्यंत. कुणालाच माहीत नव्हतं. मेंढरं घेऊन पुढं निघायचं होतं, मेंढरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, हलणार होता.

योगायोगानं मला माहीत होतं. पोरीला बोलावून घेतलं, तिनं पेन ड्राइव्ह आणला, मुलानं आठ बाय बाराची प्रिंट काढली. म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि पहिलं काय म्हणाला असेल? “चप्पल आली की ओ ह्यात!” मी नसतो तर? बोर्ड काढून टाकला असता तर?

आमच्या जमान्यात प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर स्टुडिओचा रबरी शिक्का असायचा आणि पेन्सिलीनं निगेटिव्हचा नंबर. तो शिक्का लोकांना जाहिरात वाटायचा. जाहिरात होतीच. पण वीस-वीस वर्षांनी माणसं तो शिक्का बघून यायची, आई गेली, हाच एक फोटो आहे, अजून एक कॉपी मिळेल का म्हणून. डार्करूमच्या लाल दिव्याखाली ट्रेमध्ये तो चेहरा हळूहळू वर येताना मी कितीतरी वेळा बघितलाय. फोटोवरचं नाव म्हणजे फोटोचा पत्ता. तो पुसला की फोटो बेवारस होतो, आणि त्यातली माणसंही.

कायद्याचं म्हणाल तर माझ्या स्टुडिओत एक वकील नेमानं यायचे, त्यांनी मला शिकवलेलं सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. पैसे घेऊन लग्नाची ऑर्डर मारली तर, वेगळा करार नसल्यास, हक्क गिऱ्हाइकाचा होतो. ते आम्हा धंदेवाल्यांना पाठ असतं. पण कलम ५७ म्हणतं, हक्क विकला तरी ‘हे काम माझं’ असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडंच राहतो. त्याच कलमात कामाची मोडतोड करून कर्त्याच्या लौकिकाला बाधा आणली तर हरकत घेण्याचीही सोय आहे. चप्पल कापल्यानं लौकिकाला बाधा येते का, ते वकिलांनी बघावं. मला विचाराल तर येते.

आता माझ्या पदरातलंही सांगतो, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसता उपदेश होईल. १९८५ च्या सुमारास माझ्याकडं एक पोरगा कामाला होता. डार्करूममध्ये डेव्हलपर कालवण्यापासून सुरुवात केली, तीन वर्षांत निम्म्या ऑर्डरी तोच मारायला लागला. नवरीला बोलतं करायची त्याची हातोटी माझ्यात कधीच नव्हती. गिऱ्हाइकं माझं कौतुक करायची, “काय फोटो काढलायसा!” मी हसायचो. पाठीवर शिक्का माझाच. होमाई व्यारावाला यांच्याबद्दल मी फार उशिरा वाचलं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, नवसारीचा जन्म, मुंबईच्या जे. जे.त शिकलेल्या, त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून यायचे, कारण हिला कोण ओळखतंय. २०११ साली पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. हे वाचताना मला होमाईबाई आठवायच्या ऐवजी तो माझा पोरगाच आठवत राहिला. पुढं त्यानं धंदा सोडला, सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, लागला. कशानं सोडला ते मी कधी विचारलं नाही.

नाव छापून आलं की काय होतं, त्याचीही उदाहरणं आहेत. बंगळुरूचा विद्युन हेब्बार, वय दहा. भिंतीच्या फटीत कोळ्याचं जाळं, मागनं एक रिक्षा गेली आणि जाळ्यामागं रंगांचा पडदा झाला, तेवढ्यात त्यानं बटण दाबलं. २०२१ साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत तो बालगटात सर्वोत्तम ठरला. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधरनं काढलेलं भंडारदऱ्याचं काजव्यांचं झाड त्याच स्पर्धेत वाखाणलं गेलं. तिचं नाव आपणही छापलं असेल. लंडननं छापलेलं नाव आपण छापतो, आणि पट्टणकोडोलीतला फोटो ‘सोशल मीडिया’ काढतो.

या पोरीचं पुढचं काम मी बघतोय. आपल्या वडलांच्या कारखान्यात रात्री जाऊन ती फोटो काढते. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, पापण्यांवर कापसाचा भुगा बसलेला. वहिफणी कामगारांची बोटं, एकेक धागा ओवणारी. तिथं ट्यूबच्या उजेडात शटर मंद ठेवावं लागतं, त्यामुळं बोटं स्थिर आणि मागचा माग थरथरलेला. मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढणारे सुधारक ओलवे तिला माहीत आहेत, मोबाइलवर त्यांची कामं तिनं मोठी करकरून बघितली आहेत. मी तिला विचारलं, हे फोटो कुठं टाकणार? म्हणाली, “अजून ठरलं नाही. टाकले की जातात.” जातात! वीस वर्षांच्या पोरीला आपलं काम दाखवायची भीती वाटते, ती टीकेची नव्हे.

आपल्या कचेरीतली घाई मला समजते. रात्री साडेदहाला पान सोडायचं असतं, फोटो ग्रुपवरून आलेला असतो, कुणाचा ते शोधायला वेळ कुठाय. पण बातमी कुणाची हे न शोधता आपण ती छापता का? एक फोन, निदान ज्यानं पाठवला त्याला. नाही सापडला तर ‘छायाचित्रकाराचा शोध सुरू आहे, कळवावे’ अशी एक ओळ टाका, आणि दुसऱ्या दिवशी नाव कळलं की त्याच पानावर छापा, आठव्या पानावरच्या शुद्धिपत्रात नको. कोपऱ्यातलं नाव कापायची वेळ आली तर ते खाली टायपात घ्या. मानधन द्यायची पद्धत असेल तर उत्तमच. तिनं मागितलेलं नाही, मी तिच्या वतीनं मागतोय.

तिचं नाव या पत्रात मी घातलेलं नाही. तिनंच नको म्हटलं. “फोटोखाली यायला पाहिजे होतं, काका. पत्रात आलं तर भीक मागितल्यासारखं दिसेल.” नाव आणि मूळ फोटो सोबतच्या पाकिटात आहे, न कापलेला. माझंही नाव-पत्ता पाकिटात आहे, ते छापायची गरज नाही. ४१ वर्षं छापलं तेवढं पुष्कळ झालं.

कळावे,
आपला,
एक जुना फोटोवाला, इचलकरंजी

ता. क. : हे पत्र लिहून पाकीट चिकटवलं आणि आजचा अंक उघडला. पाचव्या पानावर धुक्यातल्या रंकाळ्याचा फोटो आहे, फार सुरेख. होडी डाव्या कडेला सोडून उरलेलं सगळं पाणी मोकळं ठेवलंय. नवख्या हाताला एवढी जागा मोकळी सोडायचा धीर होत नाही. खाली लिहिलंय, ‘छाया : सौजन्य’. पाकीट परत फोडून विचारतोय, कुणाचं?