रॉकर बदलताना स्प्रिंगची उंची कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रॉकर म्हणजे इंजिनातला वॉल्व्ह दाबून उघडणारी तरफ; कॅमची (फिरत्या उंचवट्याची) उचल ती जितक्या पटीने वाढवते, तो तिचा रेशो. जास्त रेशोचे रोलर (टोकाला चाक असलेले) रॉकर बसवले आणि महिन्याभरात वॉल्व्ह परत बंद करणारी स्प्रिंग तुटली की दुकानदाराला शिव्या बसतात. बहुतेक वेळा स्प्रिंगचे पोलाद निर्दोष असते, हिशेब चुकलेला असतो. इंदुरात बुलेट, पद्मिनी, ॲम्बॅसडरची पुशरॉडवाली (कॅमची उचल दांड्याने रॉकरपर्यंत नेणारी) इंजिने हौसेने तयार करून घेणारे बरेच आहेत, म्हणून तो हिशेब इथे मांडतो. (वेगाची हौस सुपर कॉरिडॉरसारख्या शहरातल्या रस्त्यावर भागवू नये, हे वेगळे सांगायला नको.)

समजा, कॅम ७.६ मिमी उचल देतो. रॉकर १.५ रेशोचा असेल तर वॉल्व्ह ११.४ मिमी उघडतो, १.६ चा लावला की १२.२. फरक पाऊण मिलिमीटरचा. आता स्प्रिंग ४५ मिमी उंचीवर बसली आहे, तिथे तिचा दाब ५० किलो आहे आणि दर मिलिमीटरला तो ६ किलोने वाढतो, असे धरा. पूर्ण उघडल्यावर वॉल्व्हवरचा दाब ११८ वरून १२३ किलो होतो. पाचच किलो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण कॅमवर हाच दाब रेशोच्या पटीत येतो: १७८ वरून थेट १९७. चपट्या टॅपेटचा (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधल्या भागाचा) कॅम घासून सपाट होतो, बारीक पुशरॉड वाकतो, तो याच वाढीव दाबामुळे.

दुसरी अडचण उंचीची. स्प्रिंगची सगळी वेटोळी ३१.५ मिमीला एकमेकांना टेकत असतील, तर जुन्या रॉकरवर २.१ मिमी जागा उरत होती, नव्यावर १.३ उरते. किमान दीड मिलिमीटर तरी हवी. आरपीएम वाढल्यावर वॉल्व्ह तरंगायला लागला, म्हणजे वेळेत बंद होईना, की मिस्त्री स्प्रिंगखाली ०.७५ मिमीचा शिम (पातळ चकती) सरकवतो. दाब साडेचार किलोने वाढतो खरा, पण जागा राहते जेमतेम अर्धा मिलिमीटर. स्प्रिंग तुटते ती इथे! अशा वेळी शिम नको, योग्य उंचीची दुसरी स्प्रिंग हवी. ‘सगळ्यात कडक द्या’ हेही उत्तर नव्हे. हायड्रॉलिक (आत तेल भरलेल्या) टॅपेटवर जादा दाब आला तर टॅपेट आतून दबतो आणि उचल उलट कमी होते.

मोजणी अशी करावी. खऱ्या स्प्रिंगऐवजी मऊ स्प्रिंग लावून इंजिन हाताने फिरवा, रिटेनरवर (स्प्रिंगच्या वरच्या टोपीवर) डायल गेज (काट्याचे मापक) ठेवून उचल वाचा. खोक्यावरचा रेशो आणि प्रत्यक्षातला रेशो नेहमी जुळतोच असे नाही. रिटेनरचा तळ आणि गाईडचे (वॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळीचे) सील यांतही दीड मिलिमीटर ठेवा. पिस्टनवर मऊ मातीची गोळी ठेवून क्रँकला पूर्ण दोन फेरे द्या, मग ती कापून जाडी पाहा: इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला अडीच. दुहेरी (एकात एक) स्प्रिंग घेतली तर तिचा घेर रॉकरच्या पोटाला घासत नाही ना, तेही बघा. रॉकर ज्या स्टडवर बसतो तो पूर्ण उचलीवर रॉकरच्या खाचेला टेकत असेल, तर स्प्रिंग कितीही चांगली असली तरी स्टड उपटणार. रोलरचा माग वॉल्व्हच्या टोकाच्या मधोमध येत नसेल तर पुशरॉडची लांबी बदला.

चपट्या टॅपेटच्या नव्या कॅमला पहिली वीस-तीस मिनिटे, दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली काढून, झिंकवाल्या तेलावर चालवावे. तेवढा वेळ कोणी देत नाही.

शहरातल्या पार्टविक्रेत्यांना विनंती एवढीच, की रॉकरच्या खोक्यावर खरा रेशो, आणि स्प्रिंगच्या पाकिटावर बसवायची उंची, त्या उंचीचा दाब, दर मिलिमीटरची वाढ आणि वेटोळी टेकण्याची उंची छापलेली नसेल, तर निदान चिठ्ठीवर लिहून द्यावी.

आपला,
एक वाचक, इंदूर