तिकीट रद्द करू नकोस

प्रिय सुधीर,

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. मोनालिसा पाहून आलास त्याबद्दल शेवटी शेवटी तू लिहिलंयस, "लोक तिथे जाऊन भारावून येतात आणि मी 'एवढंच?' म्हणत बाहेर पडलो. बहुतेक माझ्यातच काहीतरी कमी असावं." आणि त्याखाली, जाता जाता सांगावं तशी एक ओळ, की कंबोडियातल्या अंगकोरच्या मंदिराला जायचं तिकीट रद्द करायचा विचार आहे. ती ओळ वाचल्यापासून मला चैन नाही. किती वर्षं तू अंगकोरचं नाव घेतोयस! म्हणून आज कामं बाजूला सारून लिहायला बसलोय. पत्र लांबेल, सावकाश वाच.

आधी मोनालिसा. तुझं वर्णन वाचताना मला माझीच दुपार आठवली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या त्या दालनात शिरल्यावर चित्राआधी दिसले ते वर उचललेले हात. प्रत्येक हातात फोन आणि प्रत्येक पडद्यावर तीच इवलीशी बाई. माझ्यापुढे एक उंच माणूस होता. त्याच्या कोपराखालून मी मोनालिसा पहिल्यांदा पाहिली, तीसुद्धा त्याच्या फोनवर. रांग सरकली, कठड्यापाशी पोचलो, काचेवर दिव्याची तिरीप, आणि लगेच "पुढे चला". संपलं. चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे हे मी आधी वाचलेलं होतं. तरी ते लहानपण तिथे उभं राहिल्यावरच अंगावर आलं. तुलाही नेमका तोच धक्का बसलाय.

पण त्या चित्राची बाजू घेऊन जरा विचार कर. लिओनार्दोने ते पॉप्लरच्या लाकडी फळीवर, रंगाच्या पातळ थरांवर थर चढवत केलं. ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत रंग कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते कळूच नये, असा सगळा बेत आहे. एका माणसाने हातभर अंतरावर निवांत उभं राहून पाहावं, अशा मापाचं ते काम. तुला ते लांबून, अर्ध्या मिनिटात, डोक्यांच्या फटीतून दाखवलं गेलं. ती सावली दिसणार कशी? तेवढ्या वेळात हाती लागणार ते फक्त "हेच ते", आणि तेवढं तर तू घरूनच बरोबर घेऊन गेला होतास.

२१ ऑगस्ट १९११ रोजी हे चित्र चोरीला गेलं. पूर्वी लूव्रमध्येच काम केलेल्या विन्चेन्झो पेरुजा नावाच्या इटालियन माणसाने ते नेलं, आणि सापडलं थेट डिसेंबर १९१३मध्ये, फ्लॉरेन्सला. चोरीनंतर संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा लोक भिंतीवरची मोकळी जागा पाहायला रांगा लावून आले. मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. चित्र नसतानाही त्याच्या नावाला गर्दी होत होती. आज आपण उभे राहतो ती रांग बऱ्याच अंशी त्याच नावाची आहे.

आता एक विचारतो, खरं सांग. तू मागे वळून पाहिलंस का? मीही आपणहून वळलो नव्हतो. गर्दीने ढकलत ढकलत मला समोरच्या भिंतीकडे नेऊन सोडलं आणि मी मान वर केली. तिथे व्हेरोनेसे या इटालियन चित्रकाराचं 'काना येथील विवाहसोहळा' आहे, १५६३ सालचं. जवळजवळ ७ मीटर उंच, १० मीटर रुंद, लूव्रमधलं सर्वांत मोठं चित्र. शंभराहून जास्त माणसं जेवायला बसलीयत, मध्ये येशू, त्याच्यापुढे वाद्यं घेतलेले वादक, उजवीकडे एक जण मोठ्या भांड्यातून मद्य ओततोय आणि खाली एक मांजर उताणं पडून रांजणाला नखं मारतंय. हे चित्र व्हेनिसच्या एका मठातल्या भोजनगृहासाठी काढलेलं होतं. नेपोलियनच्या सैन्याने १७९७मध्ये ते उचलून आणलं. सुधीर, मी त्याच्यासमोर वीसेक मिनिटं उभा होतो, मला कुणी "पुढे चला" म्हटलं नाही. अख्ख्या दालनाची पाठ त्या चित्राकडे होती. त्या मांजराबद्दल मला आधी कुणी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते माझं मला सापडलं, आणि आजही पॅरिस म्हटलं की मला आधी ते मांजर आठवतं.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट घर करून आहे. आपली निराशा होते ती जागेच्या फोटोपायी. जी गोष्ट फोटोत सगळीच्या सगळी मावते, तिच्यासमोर प्रत्यक्ष उभं राहिल्यावर नवीन काही शिल्लकच राहत नाही. कोपनहेगनची 'छोटी जलपरी' घे, १९१३चा पुतळा, उंची सव्वा मीटर. लोक तिच्यावर चिडून परततात. ती पहिल्यापासून तेवढीच आहे, फोटोने तिला मोठं केलं. पण ज्या जागेचं खरं बळ तिच्या विस्तारात, आवाजात, चालत गेलेल्या अंतरात आहे, तिचं फोटोला फारसं काही बिघडवता येत नाही. जॉर्डनमधल्या पेट्राचंच बघ. खडकातला तो कोरीव दर्शनी भाग सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण त्याच्याआधी सव्वा किलोमीटरची चिंचोळी घळ चालावी लागते. दोन्ही बाजूंना उंच कडे, वर आभाळाची पट्टी, पावलांचा आवाज भिंतींवरून परत येतो, आणि मग एका वळणावर फटीतून उजेडात तो गुलाबी दगड. ती चाल कुठल्याच फोटोत नाही.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीपाशी मात्र मला पहिल्या क्षणी काहीच वाटलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कड्यावर उभा राहिलो तर समोर रंगवलेला पडदा टांगल्यासारखं वाटलं. मनात म्हटलं, आलो एवढ्या लांब, आणि हे? हिरमुसून एका दगडावर बसलो. बऱ्याच वेळाने खालच्या पायवाटेवर काही ठिपके हलताना दिसले. मला वाटलं पक्षी असतील. मग एक ठिपका थांबला, दुसरा त्याच्याजवळ आला, आणि कळलं की ती माणसं आहेत. त्या क्षणी तो पडदा फाटला. पोटात खड्डा पडला. सगळी दरी एकदम मागे मागे, खोल खोल गेली आणि मी दगड घट्ट धरून बसलो.

पुढे वाचनात आलं की १५४०मध्ये तिथे पोचलेल्या पहिल्या युरोपीय लोकांचंही असंच झालं होतं. कार्देनास या स्पॅनिश माणसाच्या तुकडीला वरून दरीच्या तळातली नदी जेमतेम सहा फूट रुंद वाटली. तिघे जण उतरायला निघाले, एक तृतीयांश दरी उतरून परत आले आणि म्हणाले की वरून माणसाएवढे दिसणारे खडक स्पेनमधल्या सेव्हिलच्या मोठ्या मनोऱ्याहून उंच आहेत. डोळ्यांना मापच सापडत नाही रे तिथे! दरी दीड किलोमीटरहून खोल, जवळपास साडेचारशे किलोमीटर लांब. असलं काही आपल्या नजरेने कधी मोजलेलंच नसतं. तिला वेळ द्यावा लागतो, आणि नेमका तोच कुणी देत नाही. आम्हाला तिथे नेणाऱ्या सहल कंपनीने पंचेचाळीस मिनिटं दिली होती. मी बसवर परत उशिरा पोचलो आणि बोलणी खाल्ली. ते ठिपके पंचेचाळीस मिनिटांच्या आत दिसले नसते, एवढं नक्की.

तू फोनच्या गर्दीवर फार चिडून लिहिलंयस, ते रास्तच आहे. पण ही खोड आजची नाही. अठराव्या शतकात इंग्लंडातले हौशी प्रवासी एक गडद, फुगीर आरसा घेऊन फिरत. सुंदर डोंगर दिसला की त्याच्याकडे चक्क पाठ करायची आणि आरशात त्याचं लहानसं, चौकटीत बसलेलं रूप पाहायचं. कवी थॉमस ग्रे १७६९मध्ये असाच आरसा हातात धरून चालताना एका चिखलाच्या वाटेवर उताणा पडला आणि बोटांची सालटी निघाली. तरी तो तिथेच थांबला आणि त्याने सूर्यास्त पुरता पाहिला. मला तो थांबला हे फार आवडतं.

आणि फोटो काढूच नये असंही मी म्हणत नाही. लिंडा हेन्केल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका संग्रहालयात लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही नुसत्या पाहायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी, ज्या वस्तूंचे फोटो काढले त्यांच्याबद्दल लोकांना कमी आठवत होतं. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांची आठवण नुसत्या पाहणाऱ्यांइतकीच चांगली राहिली. म्हणजे कॅमेऱ्यातूनसुद्धा एका जागी नजर रोवता येते. मी तेव्हापासून अख्ख्या देखाव्याचा फोटो काढायचं सोडून दिलंय. एखादा कोपरा, एखादी पायरी, बस.

ध्रुवीय प्रकाशाबद्दलही, म्हणजे ध्रुवाकडच्या आभाळात रात्री झळकणाऱ्या रंगीत उजेडाबद्दलही, तू विचारलंयस. तिथे आधीच सांगून ठेवतो. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, कॅमेरा मात्र कित्येक सेकंद उजेड साठवत राहतो. त्यामुळे फोटोतला तो गर्द हिरवा पुष्कळदा डोळ्यांना फिकट, राखाडीकडे झुकणारा दिसतो. पण फोटोत तो थिजलेला असतो आणि आभाळात तो हलतो. हे मनात धरून गेलास तर खट्टू होणार नाहीस.

नायगारासारख्या ठिकाणी तर आपल्यासाठी पाणीसुद्धा राखून ठेवलेलं असतं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५०मध्ये झालेल्या करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी धबधब्यावरून सोडायचं, रात्री आणि एरवी त्याच्या निम्मं. बाकीचं वीजनिर्मितीला. हे ऐकून काही जणांना फसवल्यासारखं वाटतं. मला उलट बरं वाटलं. दोन देशांनी एका देखाव्यासाठी पाण्याचा हिशोब कागदावर मांडला, याचं मला अप्रूप आहे.

गर्दीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यात तू, मी, सगळेच आलो. थायलंडमधला माया बे हा समुद्रकिनारा २०१८मध्ये बंदच करावा लागला, कारण माणसांनी आणि बोटींनी तिथलं प्रवाळ मोडलं होतं. तो २०२२मध्ये पुन्हा उघडला, मर्यादित लोकांसाठी. जागा आपल्या अपेक्षेला उतरते का हे आपण हक्काने विचारतो. त्या जागेची आपण काय दशा केली, हेही त्याच वेळी विचारावं असं मला मनापासून वाटतं.

आता अंगकोर. तिथल्या सूर्योदयाचा फोटो तू मला पाठवला होतास, तळ्यात पडलेलं शिखरांचं प्रतिबिंब. तो फोटो डोक्यातून काढून टाक. त्या तळ्याकाठी पहाटे अंधारातच माणसं येऊन दाटीवाटीने उभी राहतात. शिवाय मंदिराचं तोंड पश्चिमेला आहे. सूर्य त्याच्या मागून उगवतो आणि समोरून नुसती काळी आकृती दिसते. मीही तिथे उभा राहिलो आणि मलाही 'एवढंच?' वाटलं. मग मी गर्दी सोडून मंदिराला वळसा घालून पूर्वेच्या ओवरीत गेलो. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात भिंतभर समुद्रमंथन कोरलंय, ४९ मीटर लांब. सकाळचं कोवळं ऊन खांबांच्या मधून थेट दगडावर पडतं. तिथे माझ्याशिवाय फक्त एक झाडूवाली बाई होती.

ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, हातात वासुकी, मध्ये विष्णू आणि त्याखाली कासव. वर इवल्या इवल्या अप्सरा उडताहेत. शेकडो वर्षं हात लागून लागून म्हणे, काही ठिकाणी दगड तेल चोपडल्यासारखा चमकतो. मी सगळं ओळखीचं म्हणून पाहत निघालो होतो आणि खाली समुद्राकडे नजर गेली. मध्यापासून जरा लांब मासे, मगरी धडधाकट पोहताहेत. पण जसजसं रवीजवळ यावं तसतसे ते दाटत जातात, आणि अगदी मध्याशी पाण्याच्या त्या घुसळणीने त्यांचे दोन दोन तुकडे झालेत. अर्धा मासा इथे, अर्धा तिथे. अमृताची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, पण त्या समुद्रात राहणाऱ्यांचं काय झालं असेल हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. बाराव्या शतकातल्या त्या कारागिराला ते सुचलं. मी खाली बसलो आणि बराच वेळ त्या माशांकडेच पाहत राहिलो.

म्हणून म्हणतो, तिकीट रद्द करू नकोस. प्रवेशपास एक, तीन किंवा सात दिवसांचा मिळतो, तू तीन दिवसांचा घे. पहिली सकाळ तळ्याच्या गर्दीला देऊन टाक, नाहीतर चुकल्याची रुखरुख राहील. दुसऱ्या सकाळी उजाडता उजाडता पूर्वेच्या ओवरीत जा, खाली वाकून ते मासे शोध. मी फक्त मधल्या भागातले पाहिले, दोन्ही टोकांपर्यंत मला जाताच आलं नाही, बसची वेळ झाली होती. तिथे काय काय आहे ते तू मला लिहून कळव.

तुझा,
विनायक