गिधाडं गेल्याचं कळलंच नाही

महोदय,

गावाबाहेर मेलेली जनावरं टाकतात, त्या ओढ्याकडे मोकाट कुत्री फार वाढली आहेत, त्यांचा बंदोबस्त करा, अशी मागणी आमच्या ग्रामसभेत झाली. मागणी रास्तच आहे; गेल्या महिन्यात दोन शेळ्या फाडल्या. पण कुत्री वाढलेली सगळ्यांना दिसली, आणि त्याच जागी पूर्वी थव्यानं उतरून ती मेलेली जनावरं फस्त करणारी गिधाडं आता नाहीत, हे कुणाच्याच तोंडून आलं नाही.

सभा सुटल्यावर पारावर बसलेल्या चौघा वडीलधाऱ्यांना विचारलं, शेवटचं गिधाड कधी पाहिलंत? एक म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात. दुसऱ्यांनी किल्लारीच्या भूकंपाचं वर्ष सांगितलं. तिसरे म्हणाले, "हायत की अजून, डोंगराकडं." चौथ्यांना आठवेना. मलाही सांगता आलं नाही. मी तर 31 वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, जनावर दगावलं की पाहणीला जायचो. सकाळी ओढ्याला टाकलेल्या बैलाचा दुपारपर्यंत नुसता सांगाडा उरलेला कितीदा पाहिला आहे.

घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या. कुठल्या गाईला काय टोचलं, किती मिली, सगळं टिपलेलं. गिधाडाचा शब्द नाही. पुढच्या वर्षांच्या डायऱ्यांत मात्र पानोपानी एक नाव सापडतं, डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखणं आणि सूज कमी करणारं औषध. लंगडणारा बैल असो की कास सुजलेली म्हैस, आम्ही तेच द्यायचो. स्वस्त होतं, गुण लवकर यायचा. हे टोचलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं, तर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, हे 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर फार उशीर झाला होता. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून अधिक घटली. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी. ही तूट तो कधी भरून काढणार?

औषधाचा हा परिणाम मला ठाऊक नव्हता, त्याचा दोष मी स्वतःला देत नाही. पण थवा विरळ होत गेलेला माझ्या डोळ्यांसमोर. यंदा जरा कमी दिसतात, एवढंच वाटलं असेल, आणि पुढच्या वर्षी तेवढीच नेहमीची वाटू लागली असतील. याचं मला फार वाईट वाटतं.

जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या प्राणी, पक्षी, झाडांची नोंद, करायची असते. आमच्या गावची मी पाहिली. आज जे आहे त्याची यादी आहे. जे होतं आणि गेलं, त्याची एक ओळ नाही. माझी विनंती आहे की प्रत्येक ग्रामपंचायतीनं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तेही वर्षासह लिहून घ्यावं: गिधाडं, माळढोक, ओढ्याला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असायचं ते. वर्ष नेमकं आठवत नसेल तर दुष्काळ, भूकंप, थोरल्या मुलाचं लग्न, अशी खूण चालेल.

पारावरच्या त्या चौघांतले एक ऐंशीच्या पुढचे आहेत. येत्या रविवारी वही घेऊन मी त्यांच्याकडेच आधी जाणार आहे.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. माण, जि. सातारा