मेडिकलमधल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

जानेवारीत एका संध्याकाळी मी तुमच्याकडे दुखण्यावरचं मलम मागितलं. आठवड्यातली तिसरी ट्यूब. तुम्ही ती दिलीच नाहीत. विचारलंत, "दुखतंय कोणाला? एका पायाला की दोन्ही?"

बाबांच्या दोन्ही मांड्या ठणकत होत्या. पूजेला पाटावर बसले की उठताना भिंत धरावी लागायची. अँजिओप्लास्टी झाल्यापासून वर्षभर रोज रात्री कोलेस्टेरॉलची गोळी, अटोरव्हास्टॅटिन ४०, चालू होती, कधी काही त्रास नव्हता. त्यामुळे बाबा दुखतंय म्हणाले की आम्ही म्हणायचो, थंडी आहे, वय झालं. आज ते आठवलं की फार वाईट वाटतं.

तुम्ही बाकीच्या औषधांची चौकशी केलीत. मोबाइलमध्ये दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होता, खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन. रात्रीच्या गोळीचं त्यांना बाबांनी सांगितलंच नव्हतं. या अँटिबायोटिकमुळे यकृतात अटोरव्हास्टॅटिनचा निचरा मंदावतो, रक्तात तिचं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते, हे दुकानात गर्दी असताना तुम्ही मला नीट समजावलंत. लघवी गडद चहासारखी होतेय का, तेही विचारलंत.

मी घाबरून म्हणाले, मग कोलेस्टेरॉलची गोळी कायमची बंदच करते. तेव्हा तुमचा आवाज चढला. "स्टेंट आहे ना त्यांना? मनाने काही बंद करायचं नाही. आत्ता हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावा." आणि फोन लागेपर्यंत मला तिथून हलू दिलं नाहीत.

त्याच रात्री तपासण्या झाल्या. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा सीपीके, एरवी दोनशेच्या आत-बाहेर असणारा, अठराशेवर होता. मूत्रपिंडं ठीक होती. थायरॉइड मंदावलं तरी स्नायू दुखतात, म्हणून तेही पाहिलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक बदललं, अटोरव्हास्टॅटिन काही आठवडे थांबवलं आणि सीपीके उतरल्यावर त्याच गटातलं रोसुव्हास्टॅटिन कमी डोसात सुरू केलं. ते आता बाबांना मानवलंय.

बाबांचं दुखणं त्या घटकेला फक्त तुम्ही खरं मानलंत, आणि त्यांच्या हृदयाला सांभाळणारं औषधही आमच्या हातून सुटू दिलं नाहीत. या दोन्हींसाठी मी तुमची ऋणी आहे.

सगळ्या गोळ्यांची नावं बाबांनी आता एका छोट्या वहीत लिहून ठेवली आहेत. शनिवारी ती वही दाखवायला ते स्वतः येताहेत, तुमच्या दुकानाच्या तिन्ही पायऱ्या चढून.

तुमची,
बाबांची धाकटी