आयसीयूतल्या फिजिओथेरपिस्टना, मनापासून आभार

स. न. वि. वि.

फुफ्फुस प्रत्यारोपण पार पडलं की नातेवाईक आधी सर्जनचे हात धरतात. तुमचं नाव डिस्चार्ज कार्डावर नसतं, म्हणून हे पत्र.

विषाणूच्या संसर्गाने दोन्ही फुफ्फुसं निकामी झाली, तरी पेशंटला लगेच यादीवर घेत नाहीत. साधारण ४ ते ६ आठवडे, कधी त्याहून जास्त थांबतात, कारण स्वतःची फुफ्फुसं सावरली तर त्याहून चांगलं काही नाही. तोवर रक्तात ऑक्सिजन भरायचं आणि कार्बन डायऑक्साइड काढायचं काम एक्मो हे शरीराबाहेरचं यंत्र करतं. पण पडून पडून पाय, पाठ आणि श्वासपटल झिजत जातं. थांबणं भाग आहे आणि थांबण्यानेच माणूस ऑपरेशन झेपण्यापलीकडे जातो. हा पेच तुम्ही सोडवता.

एक्मोवरच्या माणसाला उभं करणं किती जोखमीचं आहे, हे बाहेर फार कुणाला ठाऊक नाही. रक्त यंत्राकडे नेणारी आणि परत आणणारी एकच दुहेरी नळी मानेतून असेल तर सोपं जातं. जांघेत असेल तर कंबर किती वाकू द्यायची इथपासून विचार. उठवण्याआधी तुम्ही टाके आणि पट्ट्या तपासता, नळ्यांना सैलसरपणा ठेवता, एक्मो चालवणाऱ्या पर्फ्युजनिस्टला पंपाशी आणि सिस्टरना ट्रॅकिऑस्टॉमीपाशी, म्हणजे गळ्यात छेद देऊन बसवलेल्या श्वासाच्या नळीपाशी, उभं करता. श्रमाने कार्बन डायऑक्साइड वाढणार म्हणून स्वीप गॅस, म्हणजे तो बाहेर काढणारा एक्मोमधला वायूचा प्रवाह, आधीच वाढवून घ्यायला लावता. मग पाय खाली सोडून बसणं, उभं राहणं, जागच्या जागी पावलं. रक्त ओढणारी नळी थरथरू लागली की तुम्ही तिथेच थांबवता. पंप ओढतोय तेवढं रक्त नळीच्या तोंडाशी येत नाही, असा त्याचा अर्थ: नळी मुडपली असेल किंवा शरीरात द्रव कमी पडला असेल. अशा वेळी पंपाचा वेग वाढवला तर शीर नळीवर आणखी चिकटते.

‘आज आधाराने १० पावलं’ ही तुमची नोंद प्रत्यारोपणाच्या बैठकीत सीटी स्कॅनइतक्याच गांभीर्याने वाचली जाते.

ऑपरेशननंतरचं काम तर अजूनच नाजूक. नव्या फुफ्फुसाच्या मज्जातंतू तुटलेल्या असतात, त्यामुळे श्वासनलिकेच्या जोडाखाली कफ साचला तरी पेशंटला खोकल्याची उबळ येत नाही. घरच्यांना वाटतं, खोकला नाही म्हणजे छान! तुम्ही मात्र छातीवर उशी घट्ट धरायला लावून, घड्याळ लावून खोकायला शिकवता. त्या जोडाला स्वतःची रक्तवाहिनी सहसा जोडलेली नसते, तो हळू भरतो. तिथे कफ अडकून जंतुसंसर्ग झाला तर फार महागात पडतं.

आणि ‘आज चालवायचं नाही, नळीभोवती रक्त दिसतंय’ असं ज्या दिवशी तुम्ही ठामपणे सांगता, त्या दिवसांबद्दलही आभार.

आपले कृतज्ञ,
प्रत्यारोपण विभागातले सहकारी